मालकाच्या तोंडाकडे बघत थांबलेला कारखाना

प्रश्न: ताई, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट आहे. शिलाईची १२ मशीन, एक कटिंग मास्टर, हेल्पर धरून १९ माणसं. रोज दीडशेच्या आसपास पीस निघतात. सकाळी सातला येतो, रात्री साडेदहाला घरी जातो, तरी रोज काहीतरी राहूनच जातं. मी दहा मिनिटं बाहेर गेलो तरी कारखाना थांबतो. जीएसटी दोनदा उशिरा भरला. बायको दिवसा पॅकिंग बघते आणि रात्री हिशेब लिहिते. सिद्धेश्वराची गड्डा जत्रा संपली, आता मार्च आला की सीझन अंगावर येणार. रात्री दोनला जाग येते ती परत डोळा लागत नाही. वेळेचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ बघून झाले. मॅनेजर ठेवू का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मॅनेजरचं नंतर बोलू. आधी रात्री दोनच्या जागेबद्दल, कारण ते तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला तेच सगळ्यात जास्त टोचलं. किती दिवसांपासून असं होतंय ते मोजा. दोन आठवड्यांच्या वर झाले असतील तर या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, बीपी आणि साखर तपासून घ्या. सीझननंतर बघू म्हणू नका. मन फारच जड झालं असेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. कारखानदार हे सांगायला लाजतात आणि मग एक दिवस सगळ्यांचीच पळापळ होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता कामाचं. तुमच्या पत्रात "मी दहा मिनिटं बाहेर गेलो तरी कारखाना थांबतो" असं एक वाक्य आहे. ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण तुमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. तुम्ही वेळ वाया घालवत नाही. १९ माणसांचं काम तुमच्या एका तोंडातून बाहेर पडणाऱ्या शब्दावर अडलेलं आहे. पहाटे चारला उठायला लागलात तरी ते तोंड एकच राहणार.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. या गावातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी १४ वर्षं उत्पादनाचं नियोजन बघत होते. कुठल्या मागावर कुठली डिझाइन, कुठला बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) कधी चढवायचा, सुताचा कुठला लॉट कुणाला द्यायचा, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं आणि त्याचा मला अभिमान होता. वडील दवाखान्यात होते तेव्हा नऊ दिवस मी कामावर गेले नाही. परत आले तर सहा माग बंद. माग बघणारा जॉबर हुशार होता, बीम तयार होते, सूत होतं. पण पुढचा बीम कुठला ते कुणालाच माहीत नव्हतं आणि दवाखान्यात मला फोन करायचा त्यांना संकोच वाटला. त्या दिवशी मला कळलं की ज्याला मी माझी हुशारी समजत होते, ती कारखान्याची अडचण होती. आता ११ वर्षं मी छोट्या कारखानदारांकडे जाऊन बसते, आणि दहातल्या आठ ठिकाणी हेच दिसतं.

म्हणून पहिलं काम एवढंच. दहा रुपयांची एक छोटी वही घ्या, खिशात राहील अशी. सहा दिवस जो कुणी तुम्हाला काही विचारायला येईल, फोन करेल, खुणेनं बोलावेल, त्याचं एका ओळीत लिहा. वेळ, कोण, काय विचारलं. उत्तर लिहायची गरज नाही. "९.१०, ओव्हरलॉकवाली, निळा धागा संपला." "९.२५, मास्टर, आठ नंबरची बाही किती." "९.४०, विजापूरचे व्यापारी, माल कधी." पहिल्या दिवशी कंटाळा येईल, दुसऱ्या दिवशी विसराल. तिसऱ्या दिवसापासून तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल. सहाव्या दिवशी रात्री वहिनींना बरोबर घेऊन बसा आणि एकसारखे प्रश्न एकाच रंगाच्या पेनाने अधोरेखित करा. आजवर ज्यांनी ज्यांनी हे केलं, त्या सगळ्यांना पानंच्या पानं भरूनही सात-आठच रंग लागले. म्हणजे माणसं रोज नवं काही विचारत नाहीत. तेच प्रश्न रोज विचारतात, आणि तुम्ही रोज नव्याने उत्तर देता.

गणवेशाच्या युनिटमध्ये यातले निम्मे प्रश्न मापाचे आणि मालाचे असतात. त्यावर उपाय भिंतीवर आहे. प्रत्येक शाळेसाठी एक पुठ्ठा करा. त्यावर त्या कापडाचा चार बोटांचा तुकडा शिवून लावा, खरं बटण टाका, धाग्याचा नंबर लिहा, खिसा कुठल्या बाजूला, लोगो काखेच्या शिवणीपासून किती इंचावर, कॉलरला कॅनव्हास कुठला, साइजप्रमाणे बाही आणि उंची. खाली तुमची सही आणि तारीख. शेजारी पास केलेला एक सॅम्पल पीस हँगरला. आजपासून नियम असा की पुठ्ठ्यावर आहे ते तुम्हाला विचारायचं नाही, आणि पुठ्ठा नसेल तर कापडाला कात्री लावायची नाही. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. व्यापारी फोनवर "मागच्या वर्षीसारखंच" म्हणतो, मास्टर मागच्या वर्षीसारखं कापतो आणि शाळेने मध्येच कॉलर बदललेली असते. मग तीन दिवस उसवाउसवीत जातात, तो वेळ कुठल्याच नियोजनात धरलेला नसतो.

तुमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड अशी तिन्ही भाषांची माणसं असणार. म्हणून पुठ्ठ्यावर अक्षर कमी आणि वस्तू जास्त ठेवा. लावलेलं बटण कुणालाही वाचता येतं.

उरलेल्यातले बरेच प्रश्न पैशांचे असतात. सुई तुटली, तेल संपलं, मेकॅनिकला बोलवू का, चहाचे द्यायचे का, टेंपोवाला पन्नास जास्त मागतोय. तुमच्यात जुनी, भरवशाची एक बाई नक्की असेल, बहुतेक काज-बटणावर किंवा चेकिंगला. तिच्याकडे डब्यात दोन हजार रुपये आणि एक वही ठेवा. एका वेळी पाचशेपर्यंतचा खर्च तिने न विचारता करायचा आणि लिहायचा. संध्याकाळी तुम्ही फक्त वही बघायची. पहिल्या महिन्यात एखादा खर्च तुम्हाला पटणार नाही. तेव्हा सगळ्यांदेखत "हे कशाला आणलं" म्हणालात तर दुसऱ्या दिवसापासून सगळे परत तुमच्याकडे रांगेत उभे राहतील. पटला नाही तर तिला बाजूला घेऊन सांगा. महिन्याकाठी पाच-सातशे रुपये इकडेतिकडे होतील. त्याबदल्यात तुमचा रोजचा तासभर सुटतो. तुमच्या एका तासाची किंमत काय, हे कधी मांडून बघितलंय का?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. ती तुमच्या पत्रात नाही, पण मला खात्री आहे की ती तुमच्या शेडमध्ये आहे. कापलेले किती पीस गठ्ठे बांधून पडलेत ते उद्या मोजा. टेबलाखाली, मशीनच्या मागे, जिन्यात, सगळे.

समजा तीन हजार निघाले. रोज दीडशे पीस बाहेर पडतात. म्हणजे आज कापलेला पीस, रांगेने गेला तर, २० दिवसांनी बाहेर पडणार. हे साधं भागाकाराचं गणित आहे. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली ते रीतसर सिद्ध केलं, आणि ते बँकेच्या रांगेपासून टॉवेलच्या कारखान्यापर्यंत सगळीकडे लागू पडतं. आत अडकलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल, एवढे दिवस लागणारच. माणसं कितीही पळवा. तेच आत ९०० पीस असतील तर सहा दिवसांत निघतो. मशीन तीच, माणसं तीच.

आणि याचा तुमच्या वेळेशी थेट संबंध आहे. माल २० दिवस आत असतो, तेव्हा त्या २० दिवसांत व्यापारी चार वेळा फोन करतो. तुम्ही उठून गठ्ठे शोधता. घाईचा माल मध्येच घुसवता, त्यामुळे दुसऱ्याचा मागे पडतो आणि मग त्याचे फोन सुरू होतात. धागा बदल, मशीनचा दुमडपट्टीचा फोल्डर बदल, कारागिराचा हात बसलेला असतो तो मोडतो. सहा दिवसांत निघणाऱ्या मालाबद्दल कुणी चार फोन करत नाही.

मग आपण एवढं कापून का ठेवतो? कारण कापड येऊन पडलेलं असतं, आणि "कटिंगला लागलंय" म्हटलं की व्यापारी दोन दिवस गप्प बसतो. मीही हे सांगितलेलं आहे, म्हणून जाणते. शिवाय बऱ्याच ठिकाणी मास्टरला पिसावर पैसे मिळतात. तो कापत राहणारच, त्याचं घर त्यावर चालतं. त्यामुळे नुसतं "कटिंग थांबव" म्हणालात तर तुम्ही त्याच्या पोटावर मारता. आधी त्याच्याशी बोला. कटिंग नसेल त्या दिवशी ठरलेली हजेरी द्या आणि पुढच्या शाळांचे पॅटर्न, पुठ्ठे, कापडाच्या ताक्यांची तपासणी ही कामं त्याच्याकडे द्या. भिलवाड्याहून आलेल्या ताक्यात रंगाच्या छटेचा फरक कापण्याआधी सापडला तर किती रामायण वाचतं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि मग नियम लावा. आत ९०० पिसांच्या वर माल नको. जेवढा पॅक होऊन बाहेर गेला तेवढाच नवा कापायचा. भिंतीवर खडूने रोज एकच आकडा लिहा, आत किती. पहिले आठ दिवस जीव कासावीस होईल, कापड पडून आहे आणि आपण कापत नाही असं वाटेल. तेवढे दिवस धीर धरा. या एका आकड्याने सुटलेली जेवढी घरं मी पाहिलीत तेवढी दुसऱ्या कुठल्याही उपायाने सुटलेली पाहिली नाहीत.

फोनचं सांगते. साखर पेठेतल्या एका ताईंचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा व्यवसाय आहे. हाताखाली सात बाया, माल पुण्या-मुंबईला जातो. दिवसभर व्हॉट्सअॅपवर "आहे का?", "किती दिवसांत?", "पार्सलचे किती?" एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात फोन, आणि चुलीवरची भाकरी करपायची. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. व्हॉट्सअॅप बिझनेसवर दर, पार्सलचा खर्च आणि "दुपारी बारापर्यंतची ऑर्डर उद्या निघेल" हे तयार उत्तर घालून ठेवलं. आणि फोन स्वयंपाकघरातून काढून बाहेरच्या खोलीत शेल्फवर ठेवला, बारा वाजता आणि सहा वाजता बघायचा. त्यांना भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. दोघं-तिघं कुरकुरले. बाकीच्यांना बाराची सवय झाली, कारण बारापर्यंत सांगितलं की माल उद्या निघतो हे त्यांनी अनुभवलं. तुम्हाला फोन बंद ठेवता येणार नाही हे मला कळतं, पण सकाळचे सात ते दहा हे तीन तास तो वहिनींकडे किंवा त्या भरवशाच्या बाईकडे असू द्या. "साहेब शेडमध्ये आहेत, अकराला करतील" एवढंच सांगायचं. आणि अकराला खरंच करायचा.

वसुलीचे फोन यात मिसळू नका. मंगळवार आणि शुक्रवार, अकरा ते बारा, फक्त वसुली, समोर यादी ठेवून. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत आहे, आणि तो नंबर बिलावर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज लागतं. तुम्ही कुणाला कोर्टात खेचावं म्हणून हे सांगत नाही. बिलावर तारीख छापलेली असली की फोनवरचं बोलणं निम्म्यावर येतं, म्हणून सांगते.

जीएसटी उशिरा का जातो? तारीख लक्षात नसते म्हणून नव्हे. दहा तारखेला तुमचे कर सल्लागार बिलं मागतात आणि ती पिशवीत, ड्रॉवरमध्ये, स्कूटरच्या डिकीत असतात. एक फाइल, एक जागा, आणि दर शनिवारी चाळीस मिनिटं. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही विवरणाचा पर्याय घेता येतो. मासिक पद्धतीत ११ (विक्रीची बिलं) आणि २० (कर) या तारखा दर महिन्याला डोक्यावर असतात. तिमाहीत महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर १३ आणि २२, आणि मधल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. तुमच्या व्यापाऱ्यांना भरलेल्या कराचं क्रेडिट दर महिन्याला हवं असेल तर मधल्या महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत वेगळी चढवता येतात. एप्रिल ते जून तिमाहीसाठी हा पर्याय ३० एप्रिलपर्यंत निवडता येतो, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. सल्लागारांना या आठवड्यातच विचारा.

वहिनींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. दिवसा पॅकिंग आणि रात्री हिशेब. त्यात घरचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि पाणी येण्याचा दिवस धरलात का? सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली बाई नळाशी बांधलेली असते. मी एका घरी कामाचा तक्ता केला होता तेव्हा हे विसरले होते, आणि दर चार-पाच दिवसांनी पॅकिंग का अडतं ते आम्हाला तीन आठवडे कळलं नव्हतं. प्रश्नांच्या वहीत वहिनींचाही एक भाग ठेवा. त्यांना रात्रीचा हिशेब करायचाच असेल तर तो दुपारी दीड ते अडीच करू द्या, पगारी काम म्हणून, पंख्याखाली बसून. मुख्य म्हणजे त्यांनाच विचारा की त्यांना कुठलं काम सोडायचंय.

आमच्या लहानपणी या गावात गिरणीचा भोंगा झाला की वेळ कळायची. जुनी मिल १८७७ ची. तिचा भोंगा नुसता कामावर बोलवायचा नाही, पाळी सुटल्याचंही सांगायचा. तुमच्याकडे हा दुसरा, सुटीचा भोंगा नाही. संध्याकाळी साडेसातला शेडचा मेन स्विच बंद करण्याचं काम तुम्ही स्वतःकडे ठेवू नका, वॉचमनकडे द्या, आणि सीझनमध्ये साडेआठला. साडेदहापर्यंत थांबून जे काम होतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या दिवशी उसवलं जातं, हे तुमच्या चेकिंगच्या टेबलावर मोजता येईल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की पत्र्याखाली दुपारी तीननंतर मापाचे आणि पैशांचे निर्णय घेऊच नका. ते सकाळी.

सीझन तोंडावर आहे, त्यामुळे हे सगळं एकदम करू नका. मार्चपूर्वी तीनच गोष्टी: प्रश्नांची वही, शाळांचे पुठ्ठे, आणि आतल्या पिसांचा आकडा. डबा आणि फोन एप्रिलमध्ये. बाकीचं आषाढीनंतर, माणसं वारीहून परत आली आणि शाळा सुरू झाल्या की. लग्नसराईत कोण कधी सुट्टीवर जाणार हे मात्र आत्ताच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. उचल घेऊन गेलेला माणूस दोन दिवसांनी उशिरा येतो हेही त्यात धरा. आणि ओळखीतल्या वीस-पंचवीस पिसांच्या ऑर्डरी मार्च ते जून घेऊ नका. त्या शाळेचा पुठ्ठा, सॅम्पल, बिल, फोन, सगळं पाचशे पिसांइतकंच लागतं.

मॅनेजर ठेवू नका, निदान या वर्षी तरी. आज ठेवलात तर तोही दर दहा मिनिटांनी तुम्हालाच विचारायला येईल, कारण उत्तरं अजून तुमच्या डोक्यातच आहेत. ती भिंतीवर आली की कदाचित चेकिंगवाल्या बाईलाच दोन-तीन हजार वाढवून सुपरवायझर करता येईल.

वही उद्यापासूनच सुरू करा. सहा दिवस झाले की पानांचे फोटो मला पाठवा. अक्षर सुधारू नका, घरचे फोन वगळू नका, आणि आतल्या पिसांचा पहिल्या दिवशीचा आकडा सगळ्यात वर लिहा. त्यावर तुमच्या मशीनप्रमाणे ९०० बरोबर की सातशे, ते बसून ठरवू.